गाळा भाड्याचा, पाटी मात्र आपली

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून आम्ही सारे गच्चीवर बसलो होतो. सी.ए.चा अभ्यास करणारी आमची कन्या मोबाईलमधून डोके वर काढून म्हणाली, "आई, दादींच्या पाककृती मी पुन्हा लिहून काढणार आहे. ब्लॉग सुरू करते. फक्त तो कुठे सुरू करू, एवढे सांग. मैत्रिणी वर्डप्रेस म्हणतात, दादा ब्लॉगर म्हणतो, आणि इन्स्टाग्राम असताना ब्लॉग कशाला, असे विचारणारेही आहेतच." प्रश्न तिने सहज विचारला होता. पण यजमानांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले, कारण त्यातील 'पुन्हा' हा शब्द आमच्या घरात कोणाला सहज उच्चारता येत नाही.

माझ्या सासूबाईंना आम्ही सारे 'बाई' म्हणत असू. १९५५ साली लग्न होऊन त्या मारवाडातून पुण्यात आल्या. शालेय शिक्षण जेमतेम. परंतु स्मरणशक्ती अशी की, जुन्या उधारीचा आकडा अडला तर सासरे वही उघडण्याआधी त्यांना विचारीत. २००८ च्या दिवाळीच्या सुटीत माझ्या पुतण्याने, तेव्हा तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता, एका विनामूल्य सेवेवर त्यांच्यासाठी ब्लॉग उघडून दिला. बाई सांगत आणि तो टंकित करी. तीन वर्षांत त्रेसष्ट नोंदी झाल्या. कंदमुळे वर्ज्य करूनही ताट कसे भरलेले दिसावे, केर-सांगरी पुण्याच्या पाण्यात किती वेळ भिजवावी, खिचियाचे पीठ हाताला कसे लागले म्हणजे उतरवावे, हे सारे त्यांत होते. आणि पाककृतींच्या मध्येमध्ये, बोलण्याच्या ओघात आलेले जुने पुणेही होते: रविवार पेठेतील घाऊक बाजार, भवानी पेठेतून हातगाडीवर येणारी मिरचीची पोती, वाड्यातील एका नळावर चालणारे सात संसार.

त्यांतील एक नोंद पानशेतच्या पुराची होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरातील रोजमेळ आणि खतावणी सासऱ्यांनी दागिन्यांच्या डब्याआधी माळ्यावर चढवली. दुकानातील चोपड्या मात्र भिजल्या. त्या चोपड्यांचे एकेक पान बाईंनी कसे सुटे केले, कसे वाळवले, कोणत्या पानावरची शाई राहिली आणि कोणत्या पानावरची गेली, त्यावरून पुढे कोणती उधारी वसूल झाली आणि कोणती सोडून द्यावी लागली, याचे बारकाईने केलेले वर्णन त्या नोंदीत होते. ते वर्णन नेमके कसे होते, हे आज आमच्यापैकी कोणालाही नीट सांगता येत नाही.

२०१६ साली बाई गेल्या. उठावण्याच्या दिवशी नात्यातील एका गृहस्थांनी त्या पुराच्या लेखाची आठवण काढली, म्हणून पुतण्याने मोबाईलवर पत्ता टाकला. पान उघडेना. ती सेवा केव्हाच बंद झाली होती. बंद होण्यापूर्वी सूचना आल्या असतीलही. पण त्या ज्या ई-मेलवर गेल्या, तो पुतण्याच्या महाविद्यालयाने दिलेला होता आणि पदवीबरोबर तोही संपला होता. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आठ वर्षांत आमच्यापैकी एकानेही "याची नक्कल कुठे आहे?" असे विचारले नव्हते. दुकानाच्या बिलांची दुसरी प्रत नसेल, तर मुनीमजींना धारेवर धरणारे आम्ही!

हाती काय राहिले? नगरला दिलेल्या नणंदबाईंनी स्वयंपाकघरात लावण्यासाठी अकरा पाककृती छापून घेतल्या होत्या, तेलाच्या डागांसह त्या मिळाल्या. शिवाय 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांची चित्रे जपून ठेवते. तिच्या 'वेबॅक मशीन'वर शोधता बाईंच्या ब्लॉगचे केवळ मुखपृष्ठ सापडले. तेवढे तरी सापडले, याबद्दल त्या संस्थेचे ऋणच मानले पाहिजे. त्यावर नोंदींच्या शीर्षकांची यादी आहे. 'पानशेतचा दिवस' हे शीर्षकही आहे, मजकूर नाही. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे २०७६ अखेरपर्यंत त्या लेखाचे मालक आम्ही आहोत, आणि लेख आमच्याजवळ नाही.

म्हणून कन्येच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या संध्याकाळी दिले नाही. पुढचा महिनाभर चौकशी केली, जाणत्यांना विचारले, नियम वाचले. त्यातून जे समजले ते आपल्यासारख्या व्यापारी घरांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे.

'ब्लॉग' हा शब्द 'वेब लॉग' यातून आला. जहाजावर रोजच्या रोज लिहिली जाणारी नोंदवही म्हणजे लॉग. १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द प्रथम वापरला गेला आणि दोनच वर्षांत त्याचा 'ब्लॉग' झाला. मराठीत कोणी त्याला 'अनुदिनी' असे गोड नाव दिले. ते फारसे रुळले नाही, याची मला हळहळ वाटते. खरे तर आपल्या घरांना याहून जवळचा शब्द ठाऊक आहे: रोजमेळ. तारीखवार नोंद, नवी नोंद समोर आणि जुनी हवी तेव्हा उघडता येणारी. फरक एवढाच की हा रोजमेळ आपण आपल्या पेढीत न ठेवता दुसऱ्याच्या जागेत ठेवतो. जागा कोणाची, कोणत्या अटीवर, हे पाहणे म्हणजेच प्लॅटफॉर्म निवडणे.

पेठेतील दुकानदाराला जागेचे प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. पहिला प्रकार भाड्याच्या गाळ्याचा, आणि तोही बिनभाड्याचा: 'ब्लॉगर'. १९९९ साली अमेरिकेतील पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने तो सुरू केला, २००३ मध्ये गुगलने विकत घेतला. मराठीत ब्लॉगलेखनाची पहिली मोठी लाट आली ती बहुतांशी येथेच. गुगलचे खाते असले की पाच मिनिटांत दुकान मांडता येते. रंगरंगोटी, पहारा, वीज सारे मालकाचे. पत्ता मात्र 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' असा. म्हणजे आपल्या दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव मोठे आणि आपले लहान.

दुसरे नाव वर्डप्रेसचे, आणि येथे बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली. 'वर्डप्रेस' या एकाच नावाच्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एक आहे ती आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते २००३ साली प्रसिद्ध केले. ते कोणाच्याही मालकीचे नसून सर्वांना मुक्त आहे, आणि आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. ते घेऊन आपण कुठल्याही होस्टिंग कंपनीकडे जागा भाड्याने घ्यावी आणि आपले घर बांधावे. दुसरी वस्तू म्हणजे 'वर्डप्रेस डॉट कॉम', ही ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची २००५ पासूनची तयार सेवा. तिच्यात विनामूल्य गाळाही मिळतो. पण त्यात जागा मर्यादित, भिंतीवर मालकाच्या जाहिराती, आणि आपल्या नावाची पाटी लावायची तर पैसे भरावे लागतात. जेव्हा कोणी "वर्डप्रेसवर कर" असा सल्ला देईल, तेव्हा "बांधलेल्यावर की बांधायच्या?" एवढे विचारून घ्यावे. सल्ला देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

स्वतः बांधलेल्या घराचे वैभव निर्विवाद आहे. हवी ती खोली काढता येते, उद्या मसाल्यांची विक्री जोडायची तर जोडता येते, होस्टिंगवाल्याशी पटले नाही तर सामान उचलून दुसरीकडे जाता येते. पण घर बांधले की छपराची गळती आपली. आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी चढवाव्या लागतात. दुर्लक्ष झाले की चोर शिरतात, आणि एके दिवशी आजीच्या पापडांच्या पानावर परदेशी जुगाराच्या जाहिराती झळकतात. आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. त्यांनी संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाला एकदाच पैसे दिले होते. देखभालीचे कोणाच्या मनातही आले नव्हते.

मीडियम आणि सबस्टॅक ही नावे तरुण मंडळी घेतात. मीडियम २०१२ साली सुरू झाले; गंमत अशी की, ते सुरू करणारे इव्हान विल्यम्स हेच ब्लॉगरच्या निर्मात्यांपैकी एक. सबस्टॅक २०१७ चे. तेथे लेख थेट वाचकांच्या ई-मेलवर जातो आणि वाचक वर्गणी देत असेल तर त्यातील दहा टक्के ती कंपनी घेते. ज्यांना अनोळखी, विशेषतः इंग्रजी वाचक हवे आहेत, त्यांनी त्यांचा विचार करावा. आजीच्या कढीला मॉलमधला काउंटर कशाला?

राहता राहिले इन्स्टाग्राम, फेसबुक आणि आपला व्हॉट्सॲपचा परिवार-ग्रुप. मी त्यांना जत्रेतील पाल म्हणते. गर्दी तेथेच असते, म्हणून तेथे पाल अवश्य टाकावी. पण इन्स्टाग्रामवरील छायाचित्राखाली २,२०० अक्षरांपलीकडे लिहिता येत नाही. त्यातले दुवे दाबले तरी उघडत नाहीत. आणि मागच्या वर्षीची गट्ट्याची भाजी शोधायची तर अंगठा दुखून येतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली पाककृती तर मोबाईल बदलला की गेली. पेढी एका जागी हवी. जत्रेत तिची जाहिरात हवी.

आता मुख्य गोष्ट. वरच्या नावांपैकी कोणते शंभर वर्षे टिकेल? प्रामाणिक उत्तर: यांपैकी कशाचीही शाश्वती नाही. जिओसिटीज हे एके काळी घरगुती संकेतस्थळांचे सर्वांत मोठे गाव होते. याहू कंपनीने १९९९ मध्ये ते अब्जावधी डॉलर मोजून घेतले आणि २००९ मध्ये बंद केले. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लस २०१९ मध्ये गेले, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. मोठ्या कंपनीचे नाव म्हणजे टिकाऊपणा, हे गणित येथे चालत नाही. कंपनी राहते, पण त्या गाळ्यात नफा नसेल तर गाळा मोडते. आपण व्यापारीही तेच करतो, तेव्हा रागावण्यात अर्थ नाही. वर्डप्रेस डॉट कॉमने २०२३ मध्ये शंभर वर्षांची योजना जाहीर केली, किंमत ३८,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने तीस लाख रुपयांहून अधिक. हे ऐकून यजमान म्हणाले, "शंभर वर्षांचे भाडे आगाऊ घेणारा स्वतः शंभर वर्षे राहील, याची हुंडी कोण लिहून देणार?"

पुण्यातच यावर विचार करायला लावणारी एक जागा आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मोठा जैन हस्तलिखित संग्रह आहे. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा विद्वानांकरवी गावोगाव फिरून पोथ्या मिळवल्या; त्या आधी डेक्कन कॉलेजात होत्या आणि १९१७ मध्ये हे मंदिर स्थापन झाल्यानंतर तेथे आल्या. त्यांतील जैन ग्रंथांची वर्णनात्मक सूची हीरालाल रसिकदास कापडिया यांनी केली. या पोथ्या आज आहेत त्या एखादे भांडार भक्कम होते एवढ्याचमुळे नव्हे. श्रेष्ठींनी लहियांकडून एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती करवून पाटण, जेसलमेर, खंबात अशा दूरदूरच्या भांडारांत ठेवल्या. ताडपत्र जीर्ण होण्याआधी मजकूर कागदावर उतरवला गेला, आणि पुढे कागदावरून छापखान्यात गेला. मजकूर जागा बदलत राहिला म्हणून वाचला. बाईंचा मजकूर एकाच जागी राहिला.

तेव्हा प्लॅटफॉर्म निवडताना पहिली विचारणा ही करावी: येथून बाहेर पडता येते का? ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींमध्ये सारा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे, आणि ब्लॉगरची फाइल वर्डप्रेसमध्ये चढवताही येते. मात्र अशा फाइलमध्ये छायाचित्रे येत नाहीत, त्यांचे केवळ पत्ते येतात. ती वेगळी जपावीत. ज्या सेवेत अशी सोय नाही, ती कितीही देखणी असली तरी तिच्यात पाऊल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट पाटीची. इंटरनेटवरील आपल्या नावाच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. तो वार्षिक शुल्कावर मिळतो, '.इन' या भारतीय पत्त्यासाठी साधारण काही शे ते हजार रुपये पडतात, आणि एका वेळी दहा वर्षांपर्यंतचे शुल्क भरता येते. पहिल्या वर्षीचा स्वस्त दर पाहून भुलू नये. नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही मिळतो. दिसायला तो फार शोभतो, पण परगावच्या नातेवाइकांना रोमन अक्षरेच टंकणे सोपे जाते, असा आमचा अनुभव. डोमेनचे खरे मोल हे की, ते गाळ्याशी बांधलेले नाही. आज ब्लॉगरच्या गाळ्यावर आपली पाटी लावा. ब्लॉगर त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही. उद्या तो गाळा मोडला, तर मजकूर नव्या जागी न्या आणि पाटी तेथे लावा. वाचकाला पत्ता बदलल्याचे कळणारही नाही. पेठेतून मार्केट यार्डात गेलेल्या पेढ्यांनी नाव सोबत नेले, तसेच.

पण पाटी कोणाच्या नावे नोंदली आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. संकेतस्थळ करून देणारा मुलगा सोयीसाठी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलने डोमेन घेतो. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो, फोन बदलतो, आणि आपली पाटी त्याच्या खिशात राहते. डोमेन घरातील व्यक्तीच्या नावे, घराच्या ई-मेलवर आणि सुरू असलेल्या मोबाईल क्रमांकावरच घ्यावे.

किल्लीचेही तसेच. आपण बँकेच्या प्रत्येक ठेवीला नॉमिनी लावतो. लेखनाच्या खात्याला लावतो का? ब्लॉगरमध्ये एकाच ब्लॉगचे अनेक व्यवस्थापक नेमता येतात. निदान दोन नेमावेत, आणि ते दोन पिढ्यांतले असावेत. गुगलच्या खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' ही सोय २०१३ पासून आहे: खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही, तर कोणाला कळवावे आणि काय सुपूर्द करावे, हे आधीच नोंदवता येते. ही गोष्ट केवळ सोयीची राहिलेली नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे. घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर त्यांचे खाते कोण उघडणार? हा विषय काढायला संकोच वाटतो, हे मी जाणते. आम्हालाही वाटला होता.

लिपीविषयी दोन शब्द, कारण मराठी लिहिणाऱ्याला ही ठेच हमखास लागते. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आणि 'श्रीलिपी' करणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने छापखान्यांना देवनागरी दिली. परंतु त्या काळी प्रत्येक फॉन्टची अक्षरांमागची सांकेतिक रचना वेगळी असे. त्यामुळे एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोड या जागतिक पद्धतीने हा प्रश्न सोडवला: प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. आपल्या 'क'चा क्रमांक ०९१५, मग फोन कोणताही असो. आजच्या मोबाईलवर मराठी कीबोर्डने किंवा बोलून लिहिलेले सारे युनिकोडमध्येच असते. मात्र एखाद्या मुद्रकाकडून जुनी स्मरणिका वा कुटुंबाचा इतिहास फाइलरूपाने मिळाला, तर तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे विचारून युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा वाचून तपासावीत. 'र'ची रूपे विशेषतः बिघडतात. पानांची नुसती छायाचित्रे चढवून समाधान मानू नये. छायाचित्रातील 'दाबेली' बहुधा शोधून सापडत नाही, टंकलेली सापडते.

एवढी चौकशी झाल्यावर निर्णय सोपा झाला, आणि कन्येला तो थोडा निरस वाटला. ब्लॉगरचा बिनभाड्याचा गाळा. त्यावर आडनावाची, '.इन'ची पाच वर्षांसाठी घेतलेली पाटी, यजमानांच्या नावे. व्यवस्थापक तिघे: कन्या, पुतण्या आणि मी. मसाल्यांचा व्यापार जोडावासा वाटला तर पुढे बांधलेल्या वर्डप्रेसवर जाऊ. पाटी तीच राहील. ज्यांच्या घरात तांत्रिक देखभाल करणारे कोणी कायमचे आहे आणि ज्यांना धंद्यासाठी संकेतस्थळ हवे आहे, त्यांनी सुरुवातच तेथून करावी. आमच्या घरात तसे कोणी नाही. वर्षाचा खर्च एका किलो काजूकतलीहून अधिक नाही.

नकलेसाठी दिवस ठरवला तो ज्ञानपंचमीचा. दिवाळीनंतरच्या या पंचमीला भांडारांतील पोथ्या बाहेर काढून, झटकून, वेष्टने बदलून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्या दिवशी वर्षभराचा मजकूर आणि छायाचित्रे दोन पेनड्राइव्हवर उतरवायची. एक आमच्या तिजोरीत, दुसरा नणंदबाईंकडे नगरला. आणि कागदावर एक छापील प्रत. अखेर त्रेसष्टांतील जे अकरा वाचले, ते कागदावरचेच होते.

पहिली नोंद कोणती करावी, यावर घरात चर्चा झाली. कन्येने अकरा पाककृती बाजूला ठेवल्या आणि ती काकासांकडे, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत सासऱ्यांकडे, वही घेऊन गेली. पानशेतच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. दोन दुपारी बसून त्यांनी आठवेल तेवढे सांगितले: पाणी केव्हा शिरले, कोण कोणाला खांद्यावर घेऊन निघाले, वीज नसलेल्या रात्री. चोपड्यांविषयी ते म्हणाले, "बाईभाभींनी पाने गच्चीवर दोरीला लावून वाळवली, मी स्वतः दोरी बांधली." लेख प्रसिद्ध होताच नगरहून नणंदबाईंचा फोन आला. "जुलै महिन्यात गच्चीवर ऊन कुठले? चुलीच्या उबेवर वाळवली. बाईने मला शंभर वेळा सांगितले आहे."

कन्येने दोन्ही हकिकती एकाखाली एक ठेवल्या आहेत. काकासांनी दोरीची गोष्ट अद्याप मागे घेतलेली नाही.